पुसायच्या आधी बघायचंय

आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला मी गेले की वड्यांच्या रांगेत माझ्यापुढे आपोआप जागा होते. लोक मला मान देतात असं कोणाला वाटेल, पण तसं काही नाही. मी दिसले की एखाद्या गृहस्थाला गाडीत काहीतरी विसरल्याचं आठवतं, एखादी बाई निऱ्या नीट करायला कोपरा शोधते. यातले बरेच जण कधी ना कधी माझ्या टेबलासमोर बसून रडलेले असतात, आणि ओळख दाखवली तर बाजूचा विचारेल, ‘ह्यांना तुम्ही कसे ओळखता?’ म्हणून ते तोंड चुकवतात. मी आजवर एकाचंही नाव कुठे घेतलेलं नाही. तरी कार्यक्रमात मी आणि नवरा दोघंच एका टेबलावर बसून जेवतो. त्यालाही आता सवय झाली आहे.

न्यू जर्सीत, प्रिन्स्टन जंक्शनच्या जवळ एका छोट्या वकिली ऑफिसात मी पॅरालीगल होते. पॅरालीगल म्हणजे वकील नव्हे. वकील कोर्टात उभा राहण्याआधी जे जे करावं लागतं ते करणारी, आणि अशिलांच्या शिव्या पहिल्यांदा खाणारी. आमच्या वकीलबाई मार्था. बोलायला इतकी हळू, की समोरच्याला आपोआप पुढे वाकावं लागायचं. ऑफिसात घटस्फोट, इमिग्रेशन असं सगळं चालायचं, पण माझ्याकडे खास काम होतं ते गुन्ह्याची नोंद कोर्टाकडून काढून टाकण्याचं. त्याला इंग्रजीत लांबलचक शब्द आहे. मी घरी सांगताना ‘पुसणं’ म्हणायचे.

आता हे पुसणं ऑनलाइन झालंय. कोर्टाच्या वेबसाइटवर खातं उघडायचं, नाव आणि जन्मतारीख दिली की आपल्या नावावरच्या केसेस समोर येतात. त्या तपासायच्या, अर्ज पाठवायचा. मग सरकारी वकिलाला हरकत घ्यायला वेळ मिळतो, त्यानंतर न्यायाधीश सही करतात, आणि तो हुकूम पोलिसांकडे, कोर्टाकडे जाऊन ज्याने त्याने आपापल्या दप्तरातली नोंद बाजूला काढायची. ऐकायला सोपं आहे. आपल्या लोकांपैकी निम्मे संगणकावर पोट भरतात, त्यामुळे त्यांना तर ते फारच सोपं वाटतं. एका मुलाने मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, “काकू, यात डिलीटचं बटण कुठाय?” दुसरे एक गृहस्थ वेगाने गाडी चालवल्याचे दंड पुसून हवेत म्हणून आले होते. ते गुन्ह्यात मोडत नाहीत, त्यामुळे पुसताही येत नाहीत, हे कळल्यावर ते इतके हिरमुसले, की जणू मी त्यांना छोटा माणूस ठरवलं होतं.

हे झालं हसण्यावारी. पण जी केस मी आजही विसरलेले नाही, ती सुमनकाकूंची.

सुमनकाकू सांगलीच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. आवाज असा, की पलीकडचा माणूस आपोआप ताठ बसावा. काका गेल्यावर त्या तिकडे एकट्या पडल्या, म्हणून एकुलता एक मुलगा मंदार त्यांना इकडे घेऊन आला होता आणि कायमचं ठेवून घ्यायच्या खटपटीत होता. मंदार अमेरिकन नागरिक झालेला, वेस्ट विंडसरला घर, बायको आणि मुलगी ईरा. आईच्या ग्रीन कार्डासाठी त्याने स्वतःच ऑनलाइन अर्ज भरले होते. वकिलाला कशाला पैसे द्यायचे, हा आपल्याकडचा लाडका प्रश्न त्यालाही पडला होता.

एका सकाळी त्याचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

“नीलाताई, आईच्या इंटरव्ह्यूची डेट आली. पण एक छोटासा इश्यू होता, तो मी ऑलरेडी सॉर्ट केलाय. फक्त एकदा नजर टाकाल का?”

छोटासा इश्यू असा होता. काही वर्षांपूर्वी काकू पाहुण्या म्हणून आल्या होत्या. लहानग्या ईराला घेऊन जवळच्या मोठ्या दुकानात गेल्या. हातात नेहमीची कापडी पिशवी. ईराचे मोजे, बदामाचं पाकीट, एक केसांची क्लिप, असं एकेक करत त्यांनी पिशवीत टाकलं. जन्मभर भाजी घेताना, वाण्याकडे जाताना हेच केलेलं. सामान आपल्या पिशवीत भरायचं, शेवटी पैसे द्यायचे. इथे मात्र पैसे न दिलेली वस्तू स्वतःच्या पिशवीत ठेवली की चोरीचा इरादा धरला जातो. आणि नेमकी तेवढ्यात ईरा दाराबाहेरच्या खेळण्यातल्या घोड्याकडे धावली. काकू तिच्यामागे धावल्या. पिशवी खांद्यावरच होती.

दाराबाहेर त्यांना अडवलं. पोलीस आले, चौकीत नेलं, बोटांचे ठसे घेतले. पुढे गावातल्या कोर्टात दुकानाचा साक्षीदार आलाच नाही आणि खटला रद्द झाला. काकू सांगलीला परत गेल्या आणि घरात त्या दिवसाचं नाव काढायला बंदी झाली.

“केस डिसमिस आहे ना, म्हणून मी फॉर्मवर ‘कधी अटक झाली का’ला ‘नो’ टाकलं,” मंदार म्हणाला. “आणि इंटरव्ह्यूच्या आधी सगळं क्लीन असावं म्हणून एक्सपंजमेंट, ते तुमचं पुसणं, ते पण फाइल केलं. स्टेटस दिसतंय, न्यायाधीशांपुढे गेलंय. एनी डे सही होईल.”

त्याला वाटलं मी शाबासकी देईन. मी कपाळाला हात लावला.

ही चूक आपलेच लोक करतात. पाहुणे यायच्या आधी घर आवरायचं, जळमटं काढायची, पसारा कपाटात कोंबायचा, हे आपल्या रक्तात आहे. सरकारी पाहुणा येणार म्हटल्यावर तर विचारूच नका. पण इमिग्रेशनचा पाहुणा वेगळा. त्याला पसाराच बघायचा असतो. बोटांचे ठसे एकदा केंद्र सरकारकडे गेले की राज्याच्या कोर्टाने काहीही पुसलं तरी इमिग्रेशनला ते दिसतं, आणि ते म्हणतात, खटल्याचं काय झालं त्याची कोर्टाच्या शिक्क्याची प्रत आणा. ती प्रत द्यायची कोणी? पुसून झाल्यावर कोर्टाची खिडकी सांगते, अशी केसच आमच्याकडे नाही. म्हणजे अटक झाल्याचं दिसतं, आणि निर्दोष सुटल्याचं दाखवता येत नाही. त्यात फॉर्मवर ‘नाही’ लिहिलेलं. खोटं बोलून ग्रीन कार्ड मागितलं असं ठरलं असतं, तर काकूंना परत जावं लागलं असतं आणि मग मुलाच्या घराचा दरवाजा त्यांना कदाचित कायमचा बंद झाला असता.

मी हे सगळं त्याला सांगितलं. मग मंदार म्हणाला, “शिट. आता?”

मार्थाने त्याच तासाला कोर्टाला अर्ज थांबवायची विनंती अपलोड केली. पण अपलोड झालं म्हणजे कोणी वाचलं असं नव्हे. न्यायाधीशांपुढे शेकडो हुकूम सहीला असतात, आणि आपला कागद वरचा की खालचा हे देवालाच माहीत. सही व्हायच्या आत शिक्क्याची प्रत हातात यायला हवी होती. त्या गावातल्या कोर्टात मी फोन केला, तर उत्तर आलं की ज्याची केस त्यानेच ओळखपत्र घेऊन यावं. मी तशीच उठून मंदारच्या घरी गेले.

काकू ओट्याशी मेथी निवडत होत्या. मंदारने हळूहळू सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मेथीची जुडी हातात धरलेली.

“त्या खिडकीशी मी परत जाणार नाही,” त्या म्हणाल्या. “मी चोर नाही.”

“आई, चोर कोण म्हणतंय तुला? फक्त एक कागद आणायचाय, यार. ते पुसलं जायच्या आत.”

“काय पुसलं जायच्या आत?”

मंदारने माझ्याकडे पाहिलं. पुसायचा अर्ज त्याने आईला न विचारताच केला होता. सही करायचे कागद असतात ना, त्यातलाच एक म्हणून तोही सहीला पुढे केला होता.

काकूंनी जुडी खाली ठेवली. “माझ्या नावाचं काहीतरी लिहिलेलं होतं, आणि तू ते मला न दाखवता पुसायला निघालास?”

“आई, मी तुझ्यासाठीच...”

“पुसायच्या आधी मला बघायचंय,” त्या म्हणाल्या. “काय लिहिलंय ते बघायचंय. नीलाताई, चला.”

अंगावरचा गाऊन बदलून, साडी नेसून त्या मिनिटभरात गाडीत येऊन बसल्या. मंदार गाडी चालवत होता, मी मागे बसून फोनवर केसचं स्टेटस पुन्हा पुन्हा उघडत होते. प्रत्येक वेळी पान उघडेपर्यंत माझा जीव टांगणीला. सिग्नलला गाडी थांबली की मंदार स्टिअरिंगवर बोटं आपटायचा. काकू मात्र खिडकीबाहेर बघत होत्या. वळणावर आलेल्या त्या दुकानाच्या पार्किंगकडे त्यांनी मान वळवली, नंतर परत समोर पाहिलं.

कोर्टातल्या खिडकीमागची बाई चष्मा कपाळावर चढवून टाइप करत होती. तिने एकदा नाव टाकलं, मान हलवली. पुन्हा टाकलं. मला वाटलं, झालं, सही झाली. मग तिने चष्मा खाली ओढला, दुसऱ्या पडद्यावर गेली आणि म्हणाली, “जुन्या यादीत आहे. थांबा, छापते.” मंदार भिंतीला टेकून खाली बसला. माझ्याही जिवात जीव आला. कागद बाहेर आला, तिने त्यावर उठावाचा शिक्का दाबला, आणि काकूंनी तो माझ्या आधी हातात घेतला.

इंग्रजी त्यांना वाचता येत होतं. ‘खटला रद्द’ या अर्थाच्या शब्दांवर बोट ठेवून त्यांनी दोनदा वाचलं. मग बोट वर सरकलं आणि अटकेच्या तारखेवर थांबलं.

“हे खोटं आहे,” त्या म्हणाल्या. “अटक झाली नव्हती मला. बसवून ठेवलं होतं.”

खरी अडचण इथे सुरू झाली. कागद मिळाला, आमच्या विनंतीवरून कोर्टाने अर्जही बाजूला ठेवला. फॉर्म दुरुस्त करायचं पत्र मार्थाने तयार केलं. पण इंटरव्ह्यूत अधिकारी प्रश्न अशिलालाच विचारतो आणि उत्तर त्यांच्याच तोंडून हवं असतं. सरावासाठी मार्थाने आपल्या हळू आवाजात विचारलं, तुम्हाला कधी अटक झाली होती का? मी मराठीत विचारलं. काकू म्हणाल्या, “नाही.”

पुन्हा विचारलं. “नाही.”

“आई, प्लीज! एक शब्द आहे. हो म्हण ना!” मंदार ओरडला.

“मग तू म्हण,” काकू म्हणाल्या. “अटक चोराला होते. मी सरकारी नोकरी केली, एका पैशाचा डाग नाही माझ्यावर. मी स्वतःच्या तोंडाने सांगू, मला अटक झाली?”

मार्था त्यांना समजावून थकली, मी हात टेकले. शेवटी मार्था मला बाजूला घेऊन म्हणाली की आता आपल्या हातात काही नाही. दुभाषी म्हणून मी आत जाणार होते. वकिलाला दुभाष्याचं काम करता येत नाही, आणि ऑफिसातल्या माणसाला बसू द्यायचं की नाही हे अधिकाऱ्यावर असतं. शपथेवर इंग्रजी बोलायची काकूंची तयारी नव्हती. “दळण आणायचं इंग्रजी वेगळं, शपथेचं वेगळं,” असं त्यांचं म्हणणं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी लॉबीत बसलो असताना त्या मला म्हणाल्या, “आम्ही एक्स्चेंजमध्ये लाइन जोडून द्यायचो. मध्ये बोलायचं नाही, ऐकलेलं कुठे सांगायचं नाही. तुम्ही पण आत तसंच करा. माझ्या तोंडात काही घालू नका.” मी हो म्हटलं. तसंही शपथ घेतल्यावर मला दुसरं काही करता आलं नसतं. मंदारला बाहेरच थांबवलं. दार बंद होईपर्यंत तो उभा होता.

अधिकारी तरुण होता, टेबलावर कोणाचातरी चिमुकला बूट पेनस्टँडसारखा ठेवलेला. त्याने मला बसू दिलं, दोघींना शपथ दिली. मार्थाने दुरुस्तीचं पत्र आणि शिक्क्याची प्रत पुढे केली. त्याने ती वाचली, फॉर्म वाचला, पुन्हा प्रत वाचली. त्याचा चेहरा कोरा झाला.

“हे मला त्यांच्याकडून ऐकायचंय,” तो म्हणाला, आणि काकूंकडे वळून विचारलं.

मी शब्दाला शब्द लावून मराठीत विचारलं, “तुम्हाला कधी अटक झाली होती का?”

बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कोणाचं तरी नाव पुकारल्याचं ऐकू आलं. मार्था आपल्या हातांकडे बघत होती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो काकू, म्हणा हो, तुमचा मुलगा बाहेर उभा आहे. पण मी लाइन जोडून दिली होती, माझं काम संपलं होतं. अधिकाऱ्याने पेन उचललं.

काकू माझ्याकडे वळल्या. “ह्यांना विचारा, अटक म्हणजे नक्की काय.”

मी विचारलं. त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, “पोलिसांनी तुम्हाला ताब्यात घेतलं आणि तुम्हाला निघून जायची मुभा नव्हती. तुम्ही काही केलं होतं की नव्हतं, तो प्रश्न वेगळा.”

मी ते मराठीत सांगितलं. पुढचं त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, सरळ त्याच्याकडे बघून, आणि मी त्यांच्या मागोमाग इंग्रजीत.

“माझी नात रडत होती. काचेच्या पलीकडे दिसत होती मला. मी म्हटलं, मला तिच्यापाशी जाऊ द्या, मग परत येते. जाऊ दिलं नाही.” त्या थांबल्या. “मग हो. झाली होती अटक.”

मी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मग त्यांनी पिशवीचं सगळं सांगितलं. मोजे, बदाम, क्लिप, घोडा. अधिकारी लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने फॉर्मवर बोट ठेवलं. “इथे ‘नाही’ का लिहिलंय?”

इथे एका वाक्यात मुलाचं नाव सांगून सुटता आलं असतं. बहुतेक जण सांगतात. आणि ते खरंही होतं.

“भरलं माझ्या मुलाने,” काकू म्हणाल्या. “सही माझी आहे. न वाचता सही केली, ती चूक माझी. त्याला वाटलं, आईची लाज झाकतोय.”

अधिकाऱ्याने तेही लिहून घेतलं. मग प्रत फाइलमध्ये ठेवून म्हणाला की निर्णय कळवू. बाहेर आल्यावर मंदारने आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि घाबरून विचारलं, “काय झालं?” काकू म्हणाल्या, “भूक लागली.”

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. मंदार रोज फोन करायचा, मी रोज तेच उत्तर द्यायचे. तो फोनवर एकदा रडला. आईला न सांगता तिच्या आयुष्यात हात घातला, हे त्याला तेव्हा कळलं असावं. मला काकूंसाठी जेवढी भीती वाटत होती, तेवढीच त्याच्यासाठी वाटू लागली. मग एका दुपारी टपालाने कार्ड आलं, आणि मंदारने ऑफिसात पेढ्यांचा एवढा मोठा डबा आणून दिला, की मार्थाने त्यातले निम्मे कुत्र्याला चालतील का असं विचारलं.

पुसायचा अर्ज आम्ही पुन्हा केला. या वेळी काकूंनी सगळी पानं वाचून सही केली. कोर्टाचा हुकूम आला तेव्हा मी निवृत्तीच्या बेतात होते. मी फोन करून त्यांना समजावलं. काकू, आता कायद्याने तुमच्या बाबतीत तसं काही घडलंच नाही. इमिग्रेशनला मात्र नेहमी खरंच सांगायचं. बाकी कोणी विचारलं, तर ‘नाही’ म्हणायला तुम्ही मोकळ्या आहात.

“आता?” त्या म्हणाल्या. “नाही म्हणत होते तेव्हा कोणी म्हणू दिलं नाही. तो ‘हो’ म्हणायला मला किती जड गेलं, तुम्ही बघितलंत. तो मी आता परत घ्यायची नाही.”

त्या दिवाळीला मंडळात आम्ही दोघं नेहमीच्या टेबलावर बसलो होतो. वड्यांची रांग माझ्याकडे पाठ करून उभी होती. तेवढ्यात हॉलच्या पलीकडून तो एक्स्चेंजचा आवाज आला, सगळ्यांच्या माना वळवणारा.

“अहो नीलाताई! इकडे या! या बघा, माझी अटकेची केस यांनीच लढवली!”

मंदारने डोळे मिटून घेतले, ईरा फिसकन हसली. काकूंच्या शेजारी त्यांच्या वयाच्या तीन-चार बायका होत्या, नुकत्याच मुलांकडे आलेल्या, आणि प्रत्येकीच्या खांद्याला कापडी पिशवी. मी जवळ पोचले तेव्हा काकू त्यातली एक पिशवी काढून घेऊन तिची घडी घालत होत्या.

“दुकानात शिरलं की अशी घडी करायची आणि काखेत धरायची,” त्या सांगत होत्या. “सामान दुकानाच्या ढकलगाडीत ठेवायचं. पैसे दिल्यावर पिशवी उघडायची. आणि तरी कोणी धरलंच, तर लपवायचं नाही. यांच्याकडे जायचं.” मग त्यांनी मला हाताला धरून आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. रांगेतल्या एका गृहस्थाने मागे वळून पाहिलं. काही वर्षांपूर्वी तो माझ्यासमोर बसला होता. या वेळी त्याने मान खाली घातली नाही. त्याने माझ्यासाठी एक वडा जास्त घेतला आणि टेबलापाशी आणून ठेवला.